आधी किल्ली, मग बाकीचे सारे

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

माझा थोरला भाऊ गेले 14 महिने स्वतःच्या खोलीत राहत आहे. त्याचे श्रेय ज्यांचे आहे त्या आपले आभार मी आजवर नीट मानलेही नाहीत. ते चारचौघांत मानावेत म्हणून हे उघड पत्र.

सैन्यातून परतल्यानंतर दादा चार वर्षे बेघर होता. आम्ही घरच्यांनी त्याला टाकले नव्हते, पण आमची एक अट होती: आधी दारू सोड, उपचार घे, मग घरी ये. ती अट आम्हांला मायेपोटी घातलेली वाटत असे. आपण मात्र पहिल्याच भेटीत त्याची तुकडी कोणती, काम कोणते, हे विचारलेत आणि वायरलेस संच कसे दुरुस्त करतात ते अर्धा तास ऐकत बसलात. तोवर जो तो त्याला ‘हे काय करून घेतलेस’ एवढेच विचारत आला होता.

पत्ता नाही म्हणून ओळखपत्र नाही, ओळखपत्र नाही म्हणून बँकेत खाते नाही आणि खाते नाही म्हणून हक्काचे पैसेही अडकलेले, अशी त्याची कोंडी झाली होती. सेवामुक्तीचा कागद तेवढा त्याने प्लास्टिकच्या पिशवीत, शर्टाच्या आत जपला होता. घड्यांवर विरलेला तो कागद आपण टेबलावर हलक्या हाताने पसरलात, त्यावरचे अक्षरन्‌अक्षर उतरवून घेतलेत आणि मग प्रत्येक खिडकीपुढच्या रांगेत त्याच्यासोबत उभ्या राहिलात.

‘आधीच घर मिळाले तर हा सुधारेल कशाला?’ असे मी आपल्याला विचारले होते. आपण रागावला नाहीत. न्यूयॉर्कमध्ये 1992 साली सुरू झालेल्या एका उपक्रमाने व्यसनमुक्तीची अट न घालता बेघरांना थेट घरे दिली आणि त्यांतले बहुतेक जण त्या घरांत टिकले, हे आपण मला समजावून सांगितलेत. रात्री कुठे निजायचे याचीच भ्रांत असलेल्या माणसाने गोळ्या वेळेवर घ्याव्यात, ही अपेक्षा किती अवास्तव आहे, ते मला त्या दिवशी कळले.

खोली मिळाल्यावर पहिले नऊ दिवस तो बूट घालूनच, दाराला पाठ लावून जमिनीवर झोपला. ‘पलंगावर झोप, असे कुणी म्हणू नका,’ असे आपण बजावले होतेत. युद्धाने मनावर केलेल्या जखमेला अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत आजचे नाव (पीटीएसडी) मिळाले तेच मुळी 1980 मध्ये. आम्हांला तर ती जखम आहे हेसुद्धा आपल्याकडूनच समजले. दहाव्या दिवशी त्याने बूट काढून दाराशी नीट जोडीने ठेवले. खोलीची किल्ली तो दोरीत ओवून गळ्यात घालतो, जिथे पूर्वी सैनिकाची ओळखपट्टी असे.

इमारतीतला पाण्याचा पंप बिघडला तेव्हा शेजाऱ्यांना त्याच्याकडे पाठवण्याची युक्ती आपलीच होती, हे मला फार उशिरा समजले. आता पंपाचे काम त्याच्याकडेच आहे आणि जिन्यात लोक त्याला नावाने हाक मारतात.

अजूनही काही रात्री वाईट जातात. अशा रात्री तो आता रस्त्यावर जात नाही, मला फोन करतो. गेल्या रविवारी तो घरी जेवायला आला होता. या वेळी आम्ही कोणतीही अट घातली नव्हती.

आपला कृतज्ञ,
एका माजी सैनिकाचा धाकटा भाऊ