हायब्रिड सोलर घेणाऱ्या सभासदांसाठी

नमस्कार मंडळी,

छतावर सोलर बसवणाऱ्यांनी ॲडव्हान्स देण्याआधी एवढं वाचा. साधा ऑन-ग्रिड (बॅटरीशिवाय, थेट वीज लाइनला जोडलेला) इन्व्हर्टर महावितरणची वीज गेली की भर उन्हातही बंद पडतो. लाइनवर चढलेल्या वायरमनला झटका बसू नये म्हणून तशी सोयच असते, तो बिघाड नव्हे. वीज गेल्यावरही घर चालू हवं असेल, तरच हायब्रिड (बॅटरीही जोडता येणारा) इन्व्हर्टर आणि बॅटरीचा खर्च करा.

हिशेब स्वतः मांडा, विक्रेत्यावर सोडू नका. 75 वॉटचे चार पंखे, 9 वॉटचे आठ दिवे आणि राउटर मिळून चार तासांना साधारण दीड युनिट. 51.2 व्होल्ट, 100 एएचची (अँपिअर-अवर) लिथियम (एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी सुमारे 5 युनिट साठवते. फ्रिज धरूनही पुरते. गिझर आणि पाण्याची मोटर मात्र बॅकअपवर नकोच.

बॅटरीचं बीएमएस (बॅटरीवर नियंत्रण ठेवणारं सर्किट) तुम्ही घेत असलेल्या इन्व्हर्टरशी जुळतं, हे लेखी घ्या. माझं इथेच अडलं होतं, दोन महिने गेले.

पीएम सूर्यघर योजनेचं अनुदान (3 किलोवॉट व पुढे 78,000 रुपये) पॅनेलच्या क्षमतेवर ठरतं, बॅटरीवर नाही.

कोटेशनं रविवारी सकाळी 10 वाजता सोसायटी ऑफिसात आणा, एकत्र बसून पाहू.

– सचिव