जुन्या स्टिरिओसाठी घेतलेलं ब्लूटूथ किट : पैसे परत मिळण्याबाबत आणि वायरिंग पूर्ववत करून मिळण्याबाबत

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार निवारण विभाग

विषय : सदोष ब्लूटूथ किट, चुकीची जोडणी आणि डब्यावरचा खोटा दावा

महोदय / महोदया,

गाडीच्या स्टिरिओला सीडी चेंजरच्या (एकामागून एक सीडी बदलून वाजवणाऱ्या यंत्राच्या) जागी लागणारं तुमचं ब्लूटूथ किट मी यंदा मार्चमध्ये तुमच्याच संकेतस्थळावरून घेतलं. किंमत ६,८०० रुपये आणि तुमच्या अधिकृत केंद्रात बसवून घेण्याचे ८०० रुपये वेगळे. बिल, वॉरंटी कार्ड आणि आजवरचा सगळा ईमेल व्यवहार सोबत जोडला आहे. फोनवर तक्रार नोंदवून झाली, ईमेल झाले, केंद्रावर समक्ष जाऊन झालं. उत्तर देणारी माणसं बदलत गेली, उत्तर मात्र तेच : "मॅडम, गाडी जुनी आहे."

गाडी जुनी आहे, हे मला ठाऊक आहे. ती जुनी आहे म्हणून तर तुमचं किट घेतलं. तुमच्या जाहिरातीत पहिलंच वाक्य 'जुन्या गाडीचा मूळ स्टिरिओ न काढता' असं आहे. विकताना जे वय तुमचं गिऱ्हाईक होतं, तेच तक्रार आल्यावर तुमची सबब कसं होतं, याचा खुलासा मला हवा आहे.

गाडी २००५ सालची डिझेल स्कोडा ऑक्टाव्हिया आहे, इथल्याच शेंद्र्याच्या कारखान्यात जोडलेली. स्टिरिओ गाडीबरोबर आलेला : पुढे कॅसेट, डिकीत सहा सीडींचा चेंजर. चेंजर बंद पडून जमाना झाला, पण स्टिरिओचा आवाज आजही उत्तम आहे आणि तो मला काढायचा नाही. घरात कॅसेटींचा एक खोका आहे. त्यातल्या बऱ्याचशा घरगुती मैफलींच्या आहेत, त्या कुठल्या ॲपवर मिळायच्या नाहीत. त्या गाडीतच ऐकल्या जातात, कारण घरातला डेक कधीच भंगारात गेला. फोनमधलंही ऐकता यावं आणि कॅसेटही चालत राहावी, एवढीच माझी गरज होती.

त्याआधी स्वस्तातले उपाय करून झाले होते. सिगारेट लायटरमध्ये खुपसायचा, फोनमधलं गाणं गाडीच्या रेडिओवर पाठवणारा एफएम ट्रान्समीटर शहरात निरुपयोगी ठरतो. ८७.५ ते १०८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात मोकळी जागा शोधून ठेवावी, तर पुढच्या गावाला तिथे भलतंच स्टेशन लागतं आणि अभंगात मधेच फर्निचर सेलची जाहिरात घुसते. फोनला जोडायची वायरवाली कॅसेट घालून पाहिली. ऑटो-रिव्हर्सवाल्या डेकला वाटतं टेप संपली आणि तो खटाखट बाजू बदलत बसतो. म्हणून जास्त पैसे मोजून तुमचं किट घेतलं. त्याची कल्पना चांगलीच आहे. ते स्टिरिओच्या मागच्या चेंजरच्या सॉकेटमध्ये बसतं आणि आपण चेंजर असल्याची बतावणी करतं. स्टिरिओ पडद्यावर सीडीचा नंबर दाखवतो आणि प्रत्यक्षात फोनमधलं गाणं वाजतं. फोन पटकन जोडला जातो, पुढचं-मागचं गाणं स्टिरिओच्या बटणांवरून बदलता येतं. एवढं काम ते चोख करतं, तेवढं श्रेय मी देते.

आता बिघाडांकडे वळते. इंजिन चालू केलं की स्पीकरमधून शिट्टीसारखा बारीक आवाज येतो. ॲक्सिलरेटर दाबला की त्याची पट्टी चढते, सोडला की उतरते. इंजिन बंद ठेवून नुसती किल्ली फिरवली तर आवाज नाही. कॅसेट लावली तर नाही, रेडिओ लावला तरी नाही. फक्त तुमच्या किटवर आहे. हा अल्टरनेटरचा (इंजिनवर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्राचा) आवाज आहे आणि तो तुमच्या किटमार्फत आत शिरतो. मी एका तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते, म्हणून याची खात्री करून घेतली. किटचा वीजपुरवठा गाडीतून तोडला आणि शेजारच्या सीटवर ठेवलेल्या १२ व्होल्टच्या सुट्या बॅटरीवरून दिला. इंजिन चालू, ॲक्सिलरेटर दाबलेला, शिट्टी गायब. किट पुन्हा गाडीच्या पुरवठ्यावर घेतलं, शिट्टी हजर. तुमच्या किटमध्ये वीजपुरवठ्याची आणि आवाजाची परतीची वाट एकच आहे. गाडीच्या विजेतली खरखर त्या वाटेने थेट आवाजात मिसळते. ही रचनेतली चूक आहे. गाडी काल शोरूममधून काढलेली असती, तरी याच रचनेतून हाच आवाज आला असता.

ही तक्रार फोनवर सांगितली तेव्हा तुमच्या प्रतिनिधीने आधी विचारलं, "घरात कोणी जेन्ट्स आहेत का बोलायला?" माझे यजमान घरात होते. त्यांना गाडीतलं फक्त पेट्रोल पंपावर टाकीचं झाकण कुठल्या बाजूला आहे एवढं कळतं, आणि ती गाडी डिझेलची आहे. यापुढे या प्रकरणी माझ्याशीच बोलावं.

मग सल्ला मिळाला की 'नॉइज फिल्टर' वेगळा घ्या. म्हणजे तुमच्या वस्तूतला दोष मी माझ्या खर्चाने झाकायचा. तरी घेतला, ३५० रुपयांचा. त्यात दोन चिमुकले ट्रान्सफॉर्मर असतात, ते विजेची जोडणी तोडून फक्त आवाज पुढे देतात. शिट्टी थांबली खरी, पण एवढ्याशा ट्रान्सफॉर्मरला खालचे सूर पेलत नाहीत. तबल्याची चाट ऐकू येते, डग्ग्याचा घुमारा जातो. असलंच ऐकायचं असतं तर फोन डॅशबोर्डवर ठेवून ऐकला असता.

दुसरा बिघाड जास्त गंभीर आहे, कारण त्यामुळे गाडी रस्त्यात अडली. किल्ली काढून गाडी लॉक केल्यावरही किट चालूच राहतं. घराच्या गच्चीवरून फोनचं ब्लूटूथ उघडलं तर खाली उभी असलेली गाडी यादीत दिसते. बॅटरीच्या निगेटिव्हला मालिकेत मल्टिमीटर लावून, दारं बंद करून अर्धा तास थांबले आणि मग आकडा पाहिला : २८० मिलिअँपिअर. किटचा कनेक्टर काढला, आकडा ३० वर आला. उभ्या गाडीची विजेची गळती साधारण ५० च्या आत असावी लागते. तुमचं किट एकटं २५० खातं. म्हणजे दिवसाला ६ अँपिअर-अवर. माझी बॅटरी ७० ची आहे. गाडी आठवडाभर उभी राहिली की निम्म्याहून जास्त बॅटरी रिकामी, आणि डिझेल इंजिनला थंडीच्या सकाळी तेवढ्यावर स्टार्टर फिरवता येत नाही. सुट्टीवरून परतल्यावर आम्ही शेजाऱ्यांच्या गाडीला केबल लावून गाडी चालू केली, हे तुमच्या तक्रार नोंदीत आहेच.

याचं कारणही किटच्या कनेक्टरवर नुसत्या डोळ्यांनी दिसतं. चेंजरच्या या सॉकेटमध्ये १६ नंबरच्या पिनला कायमचे १२ व्होल्ट असतात आणि १७ नंबरच्या पिनला स्टिरिओ चालू असतानाच मिळणारे १२ व्होल्ट. तुमच्या कनेक्टरच्या १६ च्या खणात लाल वायर आहे. १७ चा खण रिकामा आहे. फोटो जोडला आहे. एक पिन शेजारच्या खणात गेली असती तर ही अर्धी तक्रार लिहावीच लागली नसती.

केंद्रावर गाडी नेली तेव्हा तिथल्या मुलाने ही गोष्ट पाहिली का, हे मला माहीत नाही. गाडी संध्याकाळपर्यंत ठेवून घेतली, मला बाहेर बसवलं. स्टिरिओ काढायच्या पट्ट्या मिळतात, कडेच्या फटींत सरकवल्या की तो सरळ हातात येतो. त्याने पट्ट्या वापरल्या नाहीत, स्क्रूड्रायव्हरने उचकटला. वीस वर्षं जपलेल्या फेसियावर (स्टिरिओच्या दर्शनी पट्टीवर) दोन्ही बाजूंना खड्डे पडले आहेत. मग त्याने किटची लाल वायर कापली, सिगारेट लायटरची वायर मधोमध सोलली आणि दोन्ही पिळून वरून काळी टेप मारली. फ्यूज नाही, क्लिप नाही. आणि एवढं करून निष्पन्न काय, तर माझ्या गाडीत लायटरचं सॉकेट किल्ली काढल्यावरही चालूच असतं. गळती होती तेवढीच राहिली. भर पडली ती टेप मारलेल्या, फ्यूज नसलेल्या जोडाची. मे महिन्याच्या उन्हात डॅशबोर्डच्या आत त्या टेपचा डिंक सुटला की उघडी तार कशाला टेकेल ते सांगता येत नाही. मी आता तो जोड सोडवून वायर इन्सुलेट केली आहे. किट काढून ठेवलं आहे. तुमच्या डब्यावर मात्र अजून 'वायर न कापता, प्लग अँड प्ले' असं छापलेलं असेल.

याच कामात त्याने बॅटरी सोडवली. या स्टिरिओची वीज गेली की चोरीपासून संरक्षण म्हणून त्याला कुलूप लागतं. पडद्यावर 'सेफ' येतं आणि चार आकडी कोड टाकावा लागतो. कोडचं कार्ड गाडीच्या कागदपत्रांत आहे, कागदपत्रं माझ्या पर्समध्ये होती आणि मी काचेपलीकडे बसले होते. मला न विचारता त्याने अंदाजे आकडे टाकले. दोनदा कोड चुकला की स्टिरिओ तासभर पुढचा कोड घेत नाही. त्यावर मला बाहेर येऊन सांगण्यात आलं की स्टिरिओ "गेला", आणि लगेच हातात अँड्रॉइड स्क्रीनचा कॅटलॉग दिला : १८,५०० रुपये, फिटिंगसकट, तुमच्याच कंपनीचा. मी तो तास तिथेच गाडीत बसून काढला, कार्डावरचा कोड टाकला, स्टिरिओ चालू झाला. कॅटलॉग परत केला. चालता स्टिरिओ मेलेला आहे असं सांगून नवा विकायचा प्रयत्न तुमच्या अधिकृत केंद्रात झाला, हे वाक्य कृपया दोनदा वाचावं. तो पोरगा कोवळा होता, त्याच्यावर राग नाही. त्याला असं सांगायला कोण शिकवतं, ते मला विचारायचं आहे.

आणखी एक बाब. डब्यावर ठळक अक्षरांत 'एपीटीएक्स एचडी साउंड' छापलं आहे. एपीटीएक्स हा ब्लूटूथवरून आवाज पाठवण्याचा एक कोडेक, म्हणजे आवाज दाबून पाठवायची पद्धत. माझा फोन एपीटीएक्स देतो. त्याच फोनला माझे हेडफोन जोडले की डेव्हलपर ऑप्शन्समध्ये कोडेक म्हणून एपीटीएक्स दिसतो. तुमचं किट जोडलं की तिथे एसबीसी हा साधा कोडेक दिसतो आणि दुसरा पर्याय निवडताच येत नाही. ब्लूटूथवरून गाणी वाजवणाऱ्या प्रत्येक उपकरणात एसबीसी असावाच लागतो; ती किमान अट आहे, तुमचं वैशिष्ट्य नव्हे. एसबीसीवर गाणं वाईट वाजतं असं माझं म्हणणं नाही, चालत्या डिझेल गाडीत फरक कळणं कठीणच. पण जे आत नाही ते डब्यावर छापून त्याचे पैसे घेतले आहेत.

माझी मागणी अशी. किटचे ६,८०० आणि फिटिंगचे ८०० रुपये पूर्ण परत मिळावेत. बदली किट नको, कारण त्याचाही १७ चा खण रिकामाच असणार. लायटरची सोललेली वायर मूळ जाडीच्या वायरने, फ्यूजसह, मी निवडलेल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून दुरुस्त करून घेईन. त्याचं बिल तुम्ही भरावं. त्याचा अंदाज २,२०० रुपयांचा आहे आणि तो लेखी घेतला आहे. फेसिया बदलायचा खर्च मी सध्या मागत नाही, कारण जुना फेसिया आता मिळेल की नाही हीच शंका आहे. पण हक्क सोडलेला नाही. फिल्टरचे ३५० रुपये मात्र हवेत, कारण ते तुमच्या सल्ल्याने गेले. आणि किटची लाल वायर १६ वर का आहे, याचं उत्तर तुमच्या तांत्रिक विभागातल्या माणसाने लेखी द्यावं.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(४७) नुसार सदोष वस्तू परत घ्यायला आणि बिलात दिलेल्या मुदतीत, मुदत दिलेली नसेल तर ३० दिवसांत, पैसे परत करायला नकार देणं ही अनुचित व्यापार प्रथा ठरते. तुमच्या बिलावर अशी कुठलीही मुदत नाही. बिलाच्या पाठीमागे बारीक अक्षरांत 'वाद फक्त दिल्लीच्या न्यायालयात' असं छापलं आहे. ते वाचून कुणी घाबरत असेल तर असो. ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार दाखल करता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही. १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून झाली आहे. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे आणि लेखी उत्तर न आल्यास मी इथल्या जिल्हा आयोगात जाईन. मीटरवरच्या आकड्यांचे आणि सुट्या बॅटरीवरच्या चाचणीचे व्हिडिओ माझ्याकडे आहेत. हवे असल्यास पाठवते.

किट मूळ डब्यात बांधून तयार आहे. ते नेण्यासाठी माणूस पाठवावा, मी कुरिअर करणार नाही. फोन करायचा असेल तर संध्याकाळी सहानंतर करावा, आणि ज्याला करायला सांगाल त्याने हे पत्र आधी वाचलेलं असावं.

कळावे,

आपली ग्राहक
(सही)
छत्रपती संभाजीनगर

सोबत : बिल, वॉरंटी कार्ड, ईमेलच्या प्रती, कनेक्टर, जोड आणि फेसियाचे फोटो, दुरुस्तीचा लेखी अंदाज.