साडेतीन तासांचे उड्डाण, जे होतच नाही

संपादक महोदय,

दोन विमानतळांची नावे टाकली की अंतर आणि वेळ सांगणारी कोष्टके हल्ली पर्यटनविषयक मजकुरात सर्रास वापरली जातात. मोठ्या शहरांपुरते ते चालून जाते. आर्क्टिकमधल्या विमानतळांच्या बाबतीत मात्र वाचकाची शुद्ध दिशाभूल होते.

नॉर्वेच्या आर्क्टिकमधल्या स्वालबार्ड द्वीपसमूहाचे लॉन्गयिअरबीन (78.2 उत्तर, 15.5 पूर्व) आणि कॅनडातल्या नुनावुटचे रेझोल्यूट बे (74.7 उत्तर, 95 पश्चिम) ही जोडी घ्या. पृथ्वीगोलावर दोन्हींमध्ये 22.2 अंशांचा कंस पडतो. एका अंशाला 111.2 किलोमीटर धरले की अंतर येते सुमारे 2,470 किलोमीटर. त्याला ताशी 800 ने भागून चढण्या-उतरण्याचा अर्धा तास मिळवला की साडेतीन तास. गणित बिनचूक आहे, पण या मार्गावर नियमित प्रवासी विमानच नाही.

प्रत्यक्षात लॉन्गयिअरबीनहून ओस्लो, तिथून युरोपातल्या एखाद्या मोठ्या विमानतळावर विमान बदलून ओटावा, मग नुनावुटची राजधानी इकालुइट आणि शेवटी रेझोल्यूट. युरोपातला तो मधला थांबा सोडून बाकीचे टप्पे सरळ रेषेत मोजले तरी 11,300 किलोमीटर होतात, म्हणजे कोष्टकातल्या अंतराच्या साडेचारपट. शेवटच्या टप्प्यावर आठवड्यातून मोजकीच विमाने असतात. धुक्यामुळे एक रद्द झाले की मुक्काम वाढलाच. शिवाय स्वालबार्ड शेंगेन क्षेत्राबाहेर, म्हणजे नॉर्वेसह युरोपातल्या अनेक देशांचा एकच व्हिसा चालतो त्या क्षेत्राबाहेर, आहे. नॉर्वेमार्गे तिथे जाऊन परतणाऱ्याला एकदाच प्रवेश देणारा शेंगेन व्हिसा पुरत नाही, आणि ही गोष्ट अनेकांना फार उशिरा कळते.

सपाट नकाशावर पट्टी ठेवून मोजणाऱ्यांची फसगत वेगळीच. ती सरळ रेष प्रत्यक्षात सुमारे 2,880 किलोमीटरची, म्हणजे सर्वांत जवळच्या वाटेहून 400 किलोमीटर लांब. जवळची वाट रेझोल्यूटहून खऱ्या उत्तरेच्या पूर्वेला 30 अंशांवर निघते, 82 अंश अक्षांशाच्याही वर चढते आणि लॉन्गयिअरबीनला पोहोचताना चक्क आग्नेयेकडे तोंड करून येते. चुंबकीय होकायंत्र उत्तर कॅनडात भरवशाचे नसल्याने तिथे दिशा भौगोलिक उत्तरेवरून मोजतात. म्हणूनच रेझोल्यूटच्या धावपट्टीच्या 17 आणि 35 या क्रमांकांपुढे ‘टी’ (इंग्रजी ‘ट्रू’, म्हणजे खरी उत्तर) अक्षर असते.

ताशी 800 हा वेगही तिथे गृहीत धरता येत नाही. रेझोल्यूटची धावपट्टी खडीची आहे. उडालेली खडी इंजिनात जाऊ नये म्हणून जेट विमानाच्या पुढच्या चाकामागे आडपट्टी आणि इंजिनाखाली हवेचा झोत सोडणाऱ्या नळ्या बसवाव्या लागतात. आजची बहुतेक जेट विमाने अशी सोय घेऊन येत नाहीत. एटीआर 42 सारखे पंख्याचे विमान घेतले तर वेग ताशी 500 च्या आसपास, आणि पूर्ण प्रवासी भरून ते 2,470 किलोमीटर एका दमात जाऊ शकत नाही.

इंधनाचे गणितही असेच. लॉन्गयिअरबीनला ढग खाली आले तर प्रवासी जेटला मुख्य भूमीवरचे ट्रॉम्सो गाठावे लागते, आणि ते सुमारे साडेनऊशे किलोमीटर दूर आहे. एवढे जादा इंधन निघतानाच भरायचे, म्हणजे सामान किंवा प्रवासी कमी घ्यायचे.

तेव्हा अशा ठिकाणांविषयी छापताना सरळ अंतराबरोबर उपलब्ध मार्ग, विमाने कोणत्या वारी आहेत आणि जोडविमान चुकल्यास पुढचे केव्हा, हेही द्यावे, ही विनंती. साडेतीन तासांचा आकडा द्यायचाच असेल, तर ‘थेट विमान नाही’ हे शब्द त्याच ओळीत हवेत.

– एक वाचक