टूलपाथ बदलतो, क्लॅम्प जागेवरच असतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कारखान्यांतल्या ऑटोमेशनवर हल्ली कौतुकाने लिहून येतं. त्यात 'मॉडेल बदललं की टूलपाथ आपोआप बदलतो' हे हमखास असतं. म्हणजे कॉम्प्युटरवरचं भागाचं चित्र बदललं की कापणाऱ्या हत्याराची वाटही बदलते. मी मिरजोळे एमआयडीसीत व्हीएमसीचे (प्रोग्रॅमवर चालणाऱ्या उभ्या मिलिंग मशीनचे) प्रोग्रॅम करतो. ही सोय रोज वापरतो, वेळही वाचतो. पण तिच्या भरवशावर थेट सायकल स्टार्ट (प्रोग्रॅम सुरू करायचं बटण) दाबणाऱ्या नव्या मुलांची काळजी वाटते, म्हणून हे पत्र.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. मिरकरवाडा बंदरातल्या बोटींची दुरुस्ती याच दिवसांत उरकायची असते, त्यामुळे आमच्याकडे कामाची झुंबड. गेल्या पावसाळ्यात पंपाच्या गनमेटल केसिंगचं सुधारित मॉडेल आलं. झिरो, म्हणजे उंची जिथून मोजायची ती जागा, फ्लँजच्या (कडेच्या सपाट पट्टीच्या) पृष्ठभागावर. मधला बॉस (उंचवटा) आधी २ मिमी वर होता, तो ८ झाला. फेसिंग (वरचा भाग सपाट करणं) आणि बोअर (मधलं मोठं भोक) सॉफ्टवेअरने नव्या उंचीला नेले. पण एका भोकावरून समोरच्या भोकाकडे जाताना ड्रिल किती उचलायचं, तो आकडा झिरोपासून ५ मिमी असा दिलेला होता. जुन्या बॉसला तो पुरेसा होता. तो कुठल्याच पृष्ठभागाशी जोडलेला नसल्यामुळे ५ चा ५ राहिला, आणि रॅपिडची (न कापता हत्यार वेगाने हलवण्याची) वाट थेट बॉसमधून गेली. मिनिटाला २४ मीटरचा रॅपिड म्हणजे सेकंदाला ४० सेंमी. फीड होल्डच्या (हत्यार थांबवायच्या) बटणापर्यंत हात पोचत नाही. सिम्युलेशनमध्ये हे पकडलं गेलं, कारण स्टॉकही (कापायचा कच्चा तुकडाही) नव्या मापाचा घेतला होता. स्टॉक जुना राहिला असता तर धडक स्क्रीनवर दिसलीच नसती. क्लॅम्पचंही (तुकडा टेबलावर पकडून ठेवणाऱ्या पकडींचंही) तसंच. ते मॉडेलमध्ये काढलेलेच नसतील तर सॉफ्टवेअरच्या लेखी टेबल मोकळं.

शिवाय टूलपाथ बदलतो तो कॉम्प्युटरवर. मशीनच्या मेमरीतला प्रोग्रॅम पुन्हा पोस्ट करून (मशीनच्या भाषेत काढून) चढवेपर्यंत जुनाच असतो. आणि चढवला, की ऑपरेटरने कोपऱ्यात चॅटर (हत्याराची थरथर) येतो म्हणून कंट्रोलरवर कमी केलेला फीड (कापताना हत्यार सरकण्याचा वेग) पुसला जातो. रात्रपाळीच्या माणसाला हे सांगतं कोण? काही सॉफ्टवेअर मॉडेल बदलल्यावर टूलपाथवर फक्त लाल फुली दाखवतात, नव्याने काढायचा की नाही ते आपल्यावर सोडतात. मला तीच पद्धत पटते.

आयटीआयमध्ये मुलांना सॉफ्टवेअर शिकवतात, ते हवंच. पण बदललेला प्रोग्रॅम नवा समजून पहिला जॉब सिंगल ब्लॉकमध्ये (प्रोग्रॅमची एकेक ओळ थांबत थांबत), रॅपिड २५ टक्क्यांवर ठेवून चालवायची सवयही तिथेच लागली पाहिजे. मालकांनी त्या वेळेचे पैसे कोटेशनमध्ये धरावेत. आणि ग्राहकांना कळकळीची विनंती: व्हॉट्सॲपवर नुसती नवी फाइल टाकू नका. रिव्हिजन नंबर आणि कुठलं माप बदललं, एवढं त्याच मेसेजमध्ये लिहा.

— एक व्हीएमसी प्रोग्रॅमर, मिरजोळे, रत्नागिरी