वहिनींच्या इंजेक्शनबद्दल

दांडिया बाजार, बडोदे

प्रिय मधू,
सप्रेम नमस्कार.

वहिनींच्या आमवातावरचं (रूमॅटॉइड आर्थ्रायटिस) बायोलॉजिक इंजेक्शन, म्हणजे जिवंत पेशींकडून बनवून घेतलेलं औषध, त्यांना लागू पडेल की नाही, हे आधीच सांगणारी तपासणी कुठे होते, असं तू विचारलंस. तशी खात्रीची एकच तपासणी अजून तरी नाही. ना इथे बडोद्यात, ना मुंबईत. अंदाज मात्र बांधता येतो.

त्यांच्या रक्तात या रोगाच्या दोन अँटिबॉडी, आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी, दोन्ही पॉझिटिव्ह आहेत. अशांना रिटुक्सिमॅबचा (अँटिबॉडी बनवणाऱ्या मालिकेतल्या बी-पेशी कमी करणाऱ्या इंजेक्शनचा) गुण निगेटिव्ह असलेल्यांपेक्षा जास्त येतो. अ‍ॅडालिमुमॅबसारख्या, टीएनएफ हे सूज वाढवणारं प्रथिन अडवणाऱ्या औषधांच्या आड वाढलेलं वजन आणि सिगारेट येते. वहिनींचा सिगारेटशी संबंध नाही, वजनाचं तूच बघ. आणि डॉक्टरांना न विचारता मेथोट्रेक्सेट बंद करू देऊ नकोस! आठवड्याची ती गोळी चालू असली की शरीर इंजेक्शनविरुद्ध अँटिबॉडी कमी बनवतं. सुरुवातीचे महिने छान जाऊन सांधे पुन्हा सुजतात, त्यामागे बऱ्याचदा या अँटिबॉडीच असतात.

सांध्याच्या अस्तराचा तुकडा तपासून औषध निवडायचा प्रयोगही झाला. निष्कर्ष 2021 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. त्या तुकड्यात बी-पेशी कमी असलेल्या रुग्णांत, नुसत्या सूक्ष्मदर्शकाने तसं ठरवलं तेव्हा मुख्य निकषावर रिटुक्सिमॅब आणि टोसिलिझुमॅब (सूज वाढवणाऱ्या आयएल-6 ला अडवणारं इंजेक्शन) यांच्यात ठोस फरक निघाला नाही. पेशींतली कोणती जनुकं चालू आहेत ते दाखवणारा आरएनए मोजून ठरवलं तेव्हा टोसिलिझुमॅब सरस ठरलं. रोजच्या दवाखान्यात हे यायला वेळ आहे.

म्हणून माझा भर पहिल्या दिवसाच्या मोजणीवर. 28 सांधे दाबून दुखणारे किती, सुजलेले किती, हे वेगवेगळं लिहून घ्यायचं. त्यात रोग किती जोरात वाटतो याचे रुग्णाचे दहापैकी आणि डॉक्टरांचे दहापैकी गुण मिळवले की सीडीएआय, म्हणजे रोगाच्या जोराचा आकडा, झाला. 22 च्या वर म्हणजे रोग जोरात, 10 पर्यंत आटोक्यात, 2.8 पर्यंत शांत. पावलं या 28 मध्ये नाहीत, ती वेगळी दाखवा. तीन महिन्यांत आकडा हललाच नाही, किंवा सहा महिन्यांत ठरवलेल्या पातळीला आला नाही, तर औषध बदलायचं. 'अजून दोन डोस बघू' करत वर्ष घालवायचं नाही. टोसिलिझुमॅब दिलं तर सीआरपीवर (सूज दाखवणाऱ्या रक्ततपासणीवर) विसंबू नका, ते औषध सीआरपी थेट खाली आणतं. सांधे सुजलेले असूनही रिपोर्ट सुरेख दिसू शकतो.

टीबी आणि हिपॅटायटिस बीची तपासणी आधी हवीच.

इंजेक्शन 2 ते 8 अंशांत ठेवायचं. मे महिन्यात दुकानातून आणताना लोक थेट बर्फात खुपसतात, ते गोठतं आणि वाया जातं. मध्ये जाड कापड घाल. घरीही फ्रीजरखालच्या कप्प्यात नको.

पहिली मोजणी झाली की आकडे कळव.

तुझा,
अनंत