ड्रेस्डेनमधला आलमगीर

बर्लिन, रविवार, रात्री साडेदहा

प्रिय मास्तर,

सप्रेम नमस्कार.

आत्ताच घरी पोचलो. बॅग अजून दारातच आहे. चहा ठेवला आणि आधी तुला लिहायला बसलो. फोनवर सांगायला घेतलं की तुझी शाळेची घंटा होते नाहीतर माझं काहीतरी निघतं, आणि मुख्य ते राहून जातं. हे राहून जायला नको आहे.

शुक्रवारी संध्याकाळी अण्णाकडे ड्रेस्डेनला गेलो होतो. इथून रेल्वेने जेमतेम दोन तास. एवढ्या अंतरावर राहून त्याच्या आई, आपल्या काकू, गेल्यापासून मी एकदाही त्याच्याकडे गेलो नव्हतो. मागच्या आठवड्यात तू विचारलंस, "तू जाऊन आलास का रे?" आणि मला उत्तर देता आलं नाही. त्याच रात्री तिकीट काढलं.

तर आधी अण्णाबद्दल. तब्येत ठीक आहे, पण वाळलाय. कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात पाळ्या असतात, रात्रपाळी असली की दिवसा झोप लागत नाही म्हणाला. घर स्वच्छ ठेवलंय. फ्रीजमध्ये मागच्या कप्प्यात काकूंनी दिलेली काळ्या मसाल्याची बरणी होती, झाकणावरची दोरीसुद्धा सोडलेली नव्हती. मी पाहिली, काही बोललो नाही. तोही बोलला नाही. जेवण करून बाहेर पडलो.

रात्रीचं ड्रेस्डेन फार शांत असतं. एल्ब नदीच्या काठाने चालत गेलो. करोला पुलाची जागा त्याने दाखवली. ११ सप्टेंबर २०२४ च्या पहाटे त्या पुलाचा एक भाग नदीत कोसळला होता. ट्रामचे रूळ त्याच भागावर होते आणि शेवटची ट्राम थोड्याच वेळापूर्वी त्यावरून गेली होती. कोणाला इजा झाली नाही. अण्णा कामावर जायला तीच ट्राम धरायचा. हे त्याने आपल्याला कधी कळवलंही नव्हतं.

मग फ्राउएनकिर्शं. तू फोटो पाहिले असशील, मोठ्या दगडी घुमटाचं चर्च. मूळचं १७४३ साली पुरं झालेलं. १३ फेब्रुवारी १९४५ च्या रात्री शहरावर बॉम्ब पडले, आग लागली, तरी ते उभंच राहिलं, आणि दोन दिवसांनी, १५ तारखेला सकाळी, तापून भाजलेले खांब खचून सगळं खाली आलं. त्या बॉम्बहल्ल्यांत पंचवीस हजारांपर्यंत माणसं गेली. पूर्व जर्मनीच्या काळात ढिगारा तसाच ठेवला होता, जवळपास पन्नास वर्षं. दोन्ही जर्मनी एक झाल्यावर लोकांनी वर्गणी काढून पुन्हा बांधायला घेतलं. ढिगाऱ्यातला दगड न् दगड मोजला, नोंदला, आणि जे वापरता येण्यासारखे होते ते बसवले. ३० ऑक्टोबर २००५ ला चर्च पुन्हा उघडलं. कळसावरचा सोनेरी क्रॉस इंग्लंडमध्ये घडवलाय, आणि तो घडवणाऱ्या सोनाराचे वडील त्या हल्ल्यातल्या विमानाचे वैमानिक होते. हे मला अण्णाने चौकातच सांगितलं, आणि खरं सांगतो, अंगावर काटा आला.

भिंतीत नवे दगड फिके पिवळे, जुने काळे. मला वाटलं जुने आगीने काळे झाले असणार. अण्णा म्हणाला, तेवढंच नाही, ह्या वालुकाश्मात लोह असतं, हवा लागून तो आपोआप काळा पडतो. "काही वर्षांनी नवेही काळे होतील, मग कुठला कुठला ते ओळखता येणार नाही." किती वेळ तो त्या भिंतीकडे बघत होता. मग एकदम म्हणाला, "मी पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं रे." आम्ही दोघं तिथेच लुथरच्या पुतळ्याच्या पायऱ्यांवर बसलो. मास्तर, एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा तो काकूंविषयी बोलला. काय बोलला ते इथे लिहीत नाही, तो स्वतः तुला सांगेल. फक्त ऐकून घे.

शनिवारी सकाळी राजवाड्यात गेलो, आणि इथे मला तुझी इतकी आठवण झाली की विचारू नकोस. राजवाड्यात सॅक्सनीच्या राजांचा खजिना आहे, ग्र्यूनेस गेव्योल्बे. २०१९ मध्ये तिथे मोठी चोरी झाली होती, त्यातले बरेचसे दागिने पुढे परत मिळाले. ती दालनं खालच्या मजल्यावर. आम्ही वरच्या मजल्यावर गेलो. भारतातून गेलेला ४१ कॅरेटचा हिरवा हिरा पाहिला, तोही सुंदरच, पण त्याच्यापुढे फार थांबलो नाही. कारण पलीकडच्या काचेत कोण होतं सांगू? औरंगजेब.

चेष्टा नाही. जेमतेम दीड मीटर रुंदीचा सोन्याचांदीचा दरबार, वर छत्राखाली तख्तावर बादशहा, आणि त्याच्या वाढदिवसाला नजराणे घेऊन आलेले सरदार, हत्ती, उंट, घोडे. सव्वाशेवर चिमुकल्या आकृत्या, एकेक बोटाएवढी, मीनाकारी केलेली. सुमारे पाच हजार हिरे, वर माणकं आणि पाचू. योहान मेल्शिओर डिंग्लिंगर नावाच्या सोनाराने भावांना हाताशी धरून १७०१ ते १७०८ अशी सात वर्षं खपून हे घडवलं. सॅक्सनी आणि पोलंडच्या ऑगस्टस राजाने विकत घेतलं. डिंग्लिंगर हिंदुस्थानात कधी आला नव्हता. प्रवाशांची वर्णनं वाचून त्याने मनात दरबार उभा केला, त्यामुळे मधेच चिनी धाटणीच्या वस्तू नि मूर्तीही दिसतात. पण कारागिरी अशी की मी काचेला नाक लावून उभा राहिलो.

सनावळीकडे बघ फक्त! १७०१ ते १७०८. मी पाटी वाचली आणि अण्णाकडे पाहिलं, तर तो आधीच पुटपुटत होता, "एकला पन्हाळा, दोनला विशाळगड, तीनला सिंहगड, चारला तोरणा." औरंगजेबाने कुठल्या साली कुठला गड घेतला त्याची तुझीच उजळणी! अकरावीत सायकली काढून आपण तिघं नगरजवळ भिंगारला, औरंगजेब जिथे वारला त्या आलमगीर नावाच्या जागी गेलो होतो, तिथे झाडाखाली बसून तू आमच्याकडून पाठ करून घेतली होतीस. अण्णाला सगळं आठवत होतं. विशाळगड घेऊन परतताना भर पावसात बादशाही फौजेचे झालेले हाल, वाहून गेलेली जनावरं, ताराबाईंनी एकीकडे गड जाऊ देत दुसरीकडे घेतलेले परत मिळवणं. तो बोलत होता तुझ्याच आवाजात, हातवारेसुद्धा तुझे. शेजारच्या जर्मन आजीबाई कुतूहलाने ऐकत होत्या, तर त्यांनाही त्याने जर्मनमधून सगळं सांगितलं. हा बादशहा मराठ्यांच्या मागे पंचवीस वर्षं दख्खनेत फिरला, तंबूतच म्हातारा झाला, आणि १७०७ साली, अठ्ठ्याऐंशी वर्षांचा होऊन, आमच्या गावाजवळ वारला. "आमच्या गावाजवळ" म्हणताना त्याचा चेहरा तू पाहायला हवा होतास.

मी विचार करत राहिलो. इकडे सोनार हिऱ्यांचा वाढदिवस मांडत होता, आणि तिकडे वाढदिवसाला स्वतःला सोन्यारुप्याने तोलून घ्यायची प्रथा ज्याने बंद केली तो बादशहा सह्याद्रीच्या चिखलात अडकला होता. दरबार पुरा होण्याआधीच तो गेला, आणि खुलताबादची त्याची कबर किती साधी आहे ते तूच आम्हाला दाखवलं होतंस. ऑगस्टसची गतही फार वेगळी नव्हती. दरबार घडत असतानाच तो स्वीडनकडून हरला आणि १७०६ मध्ये पोलंडची गादी त्याला सोडावी लागली. तुझ्या नववीच्या मुलांना हे एकदा सांगच. त्या वर्षांमधला औरंगजेब पुस्तकात आहे, गडांवर आहे आणि ड्रेस्डेनला काचेतही आहे. फोटो वेगळे पाठवतोय.

त्सविंगर महाल, राजांच्या मिरवणुकीची पोर्सेलीनची लांबलचक भिंत, राफाएलची मॅडोना, हे सगळंही पाहिलं. मॅडोनाच्या चित्रात खाली कोपरं टेकून बसलेले दोन छोटे देवदूत आहेत, ते कॅलेंडरांवर तू हजारदा पाहिलेत. प्रत्यक्षात त्यांच्याकडे लक्ष जात नाही, तिच्या डोळ्यांकडेच जातं. दुपारी आयरशेकं खाल्ला. खाली पाव, मध्ये चक्क्यासारखा थर, वर अंड्याचा मऊ थर. तुला आवडला असता.

आणि रात्री घरी आल्यावर अण्णाने न बोलता ती बरणी काढली. दोरी सोडली. आमटी केली. मसाल्याचा वास अजून तसाच आहे रे, काकूंच्या ओट्यापाशी उभं राहिल्यासारखा. आम्ही दोघांनी भांडं पुसून भात खाल्ला. उरलेल्या मसाल्यातला अर्धा त्याने मला बांधून दिलाय. मी नको म्हणालो, ऐकला नाही.

आज सकाळी लोकलने राटेनला जाऊन, होडीने नदी ओलांडून बास्टाय चढलो. नदीपासून १९४ मीटर उंचीवर सुळके, आणि सुळक्यांमध्ये १८५१ चा दगडी पूल. पायऱ्या बांधीव आहेत, हरिश्चंद्रगडाची सवय असलेल्याला दमायला होत नाही. धुकं होतं, खालून फक्त बोटीचा भोंगा ऐकू येत होता. वर बसून अण्णाने विचारलं, "आलमगीरचं ते झाड अजून आहे का रे?" मला माहीत नव्हतं.

तर एक काम कर. येत्या रविवारी सायकल काढ, भिंगारला जा, आणि तिथूनच त्याला व्हिडिओ कॉल लाव. इथल्या सकाळी नऊनंतर लाव, ह्या आठवड्यात त्याला दिवसपाळी आहे. झाड असलं तर दाखव. नसलं तरी जागा दाखव.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
बर्लिनकर