पंखे बदल, पाण्याचा नाद सोड

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. फिश टँकचा पंप, प्लॅस्टिकची नळी आणि तांब्याचा तुकडा घेऊन संगणकाच्या तापणाऱ्या ग्राफिक्स कार्डावर पाणी खेळवायचा तुझा बेत वाचून हसू आलं आणि काळजीही वाटली. चित्र मात्र झकास काढलंयस. आता ते बाजूला ठेव आणि ऐक. तुझ्या कार्डाला नवी यंत्रणा नकोय, त्याला मोठे पंखे हवेत.

कार्डावरचं प्लॅस्टिकचं आवरण काढलं की खाली ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांचा गठ्ठा दिसतो आणि त्यातून गेलेल्या तांब्याच्या, उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्या (हीटपाइप) दिसतात. उष्णता वाऱ्याला देणारा हा गठ्ठा म्हणजे हीटसिंक, आणि तो बहुतेक कार्डांत चांगलाच असतो. तसा घरी बनवणं तुला-मला जमणार नाही आणि बनवायची गरजही नाही. काटकसर झालेली असते ती पंख्यांत. बारीक जाडीचे, ८५-९० मिमी व्यासाचे पंखे जिवाच्या आकांताने फिरत राहतात. एकाच घडणीचे पंखे एकाच वेगाने फिरवले तर वारा व्यासाच्या घनाच्या हिशेबाने वाढतो. म्हणजे ८५ च्या जागी १२० मिमीचा पंखा आला तर कागदावर पावणेतीन पटींहून जास्त. दाट पत्र्यांतून वारा ढकलताना त्यातला बराच वाया जातो, तरी उरतो तो पुरेसा असतो. आणि खरी कमाई आवाजात आहे. पंख्याचा आवाज वेगाच्या साधारण पाचव्या घाताने वाढतो, त्यामुळे वेग निम्मा केला की १५ डेसिबल कमी होतात. तू लिहिलंयस की कार्ड किंचाळतं. ते यानेच थांबेल.

पण स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी एक फुकटचा प्रयोग कर. संगणकाच्या कॅबिनेटची बाजूची झडप (काढता येणारा पत्रा) उघडून तोच गेम तेवढाच वेळ चालव. तापमान लगेच ८-१० अंशांनी उतरलं तर कार्डाचा दोष नाही, कॅबिनेटच गुदमरतंय. मग पुढच्या बाजूला आत हवा ओढणारा एक पंखा लाव आणि जाळीतली धूळ काढ. गोष्ट तिथेच संपू शकते. निम्म्या लोकांना एवढ्यावरच थांबता येईल असं मला वाटतं, पण झडप उघडून पाहण्यात मजा नसते, म्हणून कुणी पाहत नाही.

झडप उघडूनही फरक पडला नाही तर आकडे लिहून घे. जीपीयू-झेड किंवा एचडब्ल्यूइन्फो हे तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर लावलंस की चिपचं तापमान, हॉटस्पॉट (चिपवरची सर्वांत तापलेली जागा) आणि कार्ड दाखवत असेल तर मेमरीचंही तापमान दिसेल. सोबत खोलीचं तापमान टिपायला विसरू नकोस, नाहीतर दुपारचा आणि रात्रीचा आकडा तुलनेला घेऊन उगाच खूश होशील. चिप आणि हॉटस्पॉट यांत १०-१५ अंशांचं अंतर असणं नेहमीचं आहे. ते २५-३० झालं असेल तर चिप आणि हीटसिंक यांच्यामधली उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळलीय किंवा हीटसिंक नीट टेकलेला नाही, आणि अशा वेळी नुसते पंखे बदलून भागत नाही.

यानंतरचं कामही फुकटचंच आहे: उष्णता कमी निर्माण करायची. चिपची वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात खर्च होते. तोच वेग १.०५ ऐवजी ०.९० व्होल्टवर टिकवता आला तर हा खर्च जवळपास २७ टक्क्यांनी उतरतो. प्रत्येक चिपला हे झेपेलच असं नाही. आफ्टरबर्नर या कार्डाचं व्होल्टेज बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ते थोडं थोडं उतरवत जा, आणि स्क्रीनवर ठिपके दिसले किंवा गेम बंद पडला की एक पायरी मागे ये. एवढा खटाटोप नको असेल तर तिथेच पॉवर लिमिट (कार्डाने ओढायच्या विजेची मर्यादा) ८० टक्क्यांवर आण. गेममध्ये फरक शोधावा लागेल इतका कमी पडतो.

आता पंखे. आवरण सुटण्याच्या दोन तऱ्हा असतात. काही कार्डांत त्याचे स्क्रू बाहेरूनच हाताला लागतात. काहींत मागची पट्टी आणि हीटसिंक उचलल्याशिवाय आवरण निघत नाही. तुझं पहिल्या प्रकारचं निघालं तर हीटसिंकला हात लावू नकोस. दुसऱ्या प्रकारचं असेल तर मेमरीवरच्या थर्मल पॅडची (उष्णता हीटसिंककडे नेणाऱ्या मऊ पट्ट्यांची) जाडी जपणं महत्त्वाचं. ते अर्धा, एक, दीड, दोन मिमी असे मिळतात. जाड पॅड बसवलास तर हीटसिंक चिपवर टेकतच नाही आणि कार्ड मिनिटभरात तापतं. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून टाक. नवी पेस्ट चिपच्या पूर्ण पृष्ठभागावर पसर, कारण प्रोसेसरवर असतं तसं धातूचं झाकण इथे नसतं. स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळत जा. (टूथपेस्टचा विचारही नको. तिच्यातलं पाणी उडालं की खाली कोरडा चुरा उरतो.)

पंखे बसवायला नायलॉनचे झिप टाय पुरतात. पत्र्यांच्या कडेच्या फटीतून ओवायचे, पत्रे वाकवायचे नाहीत आणि टोकं पात्यांपासून दूर कापायची. ज्या बाजूला मोटर धरून ठेवणारे दांडे दिसतात त्या बाजूने वारा बाहेर पडतो, तेव्हा ती बाजू हीटसिंककडे हवी. पंखा आणि पत्रे यांच्यात फट राहिली तर वारा आत न जाता बाजूने पळतो. म्हणून कडेला फोमची पट्टी लाव. पुठ्ठ्याचा बोगदाही चालतो. या तापमानाला पुठ्ठा पेटत नाही, पण ग्लू गनचा गोंद मऊ पडतो, तेव्हा जोड टेपने किंवा टायने कर. थ्रीडी प्रिंट करणारा कुणी ओळखीचा असेल तर साध्या पीएलए प्लॅस्टिकऐवजी पीईटीजी प्लॅस्टिक माग, कारण पीएलए ६० अंशांच्या आसपासच वाकायला लागतं. नेहमीचा पंखा २५ मिमी जाड असतो. कार्डाखाली जागा कमी असेल तर १५ मिमीचा पातळ पंखा घे. पंख्याचं तोंड कॅबिनेटच्या तळाला चिकटलं तर सगळं मुसळ केरात.

वीज कुठून घ्यायची हा खरा प्रश्न. कार्डावरचं कनेक्टर छोटं असतं, त्यात कॅबिनेटच्या पंख्याची पिन बसत नाही. अडॅप्टर केबल मिळते. ती लावली की वेग कार्डच्याच तापमानावर चालतो, ही तिची मोठी सोय. मात्र नव्या पंख्यांचे अँपिअर मिळून जुन्या पंख्यांपेक्षा जास्त व्हायला नकोत. केबल मिळाली नाही तर मदरबोर्डवर जोड. तिथे एका हेडरवर (पंखा जोडायच्या पिनांवर) साधारण १ अँपिअर चालतो. पण मदरबोर्ड सहसा प्रोसेसरचं तापमान बघून वेग ठरवतो, म्हणून फॅनकंट्रोल नावाचं मोफत सॉफ्टवेअर टाकून त्याला ग्राफिक्स कार्डाकडे बघायला लाव. दोन्हींत मी केबलच निवडेन. सॉफ्टवेअर बंद पडलं तरी तिला काही होत नाही.

आणि हो, पाण्याविषयी. तुझा तांब्याचा तुकडा फक्त चिपवर बसणार. मेमरी आणि वीज पुरवणारी व्हीआरएम उघडीच राहतील आणि पंखेही निघालेले असतील. चिप ५० अंशांवर बघून तू खूश, आणि शेजारची मेमरी ११० कडे निघालेली. शिवाय पाणीही खोलीच्या तापमानाखाली जात नाही, शेवटी त्यालाही रेडिएटर आणि पंखा लागतोच. तुझ्या यादीतला पेल्टियर (वीज दिली की एक बाजू थंड आणि दुसरी गरम होणारा तुकडा) तर सोडूनच दे. १२७०६ हा नेहमी मिळणारा तुकडा १२ व्होल्टवर ६ अँपिअरपर्यंत ओढतो, फार तर ५०-६० वॅट उष्णता हलवतो आणि स्वतःची उष्णता त्यात मिसळतो. तुझं कार्ड २०० वॅटचं आहे. बर्फाचं म्हणशील तर दवबिंदूच्या खाली गेलेल्या बोर्डावर पाणी साचतंच.

एक मात्र आहे, आवरण काढलंस की वॉरंटीवर पाणी सोडावं लागू शकतं. ती शिल्लक असेल तर आवरणाला हात लावू नकोस, झडप आणि व्होल्टेज यांवरच भागव.

झडप उघडी आणि झडप बंद असे दोन्ही आकडे पाठव, आणि कार्डाच्या जुन्या पंख्याच्या मागे छापलेले अँपिअर वाचून कळव. मग केबल कोणती घ्यायची ते सांगतो. तोवर पंप माशांना परत दे.

तुझाच,
मित्र